गाडीवरची भेट

संपादकांचा निरोप आला की युरोपवर काहीतरी लिहा. मी त्यांना सांगितलं, युरोपवर लिहायचं तर आधी मी तो पाहिलेला असायला हवा. बावीस वर्षं सोलापूरची माणसं तिकडे नेली आणि परत आणली, पण त्यात मी काय पाहिलं असेल तर ती माणसंच. आयफेल टॉवरखाली सगळे मान वर करून बघत असतात, तेव्हा टूर मॅनेजर खाली बघून डोकी मोजत असते. एक डोकं कमी भरलं की जेवण जात नाही, बरोबर भरलं की भूक लागते. टॉवर काय, तो जागेवरच असतो.

तेव्हा मला जे ठाऊक आहे त्यावर लिहिते. मला ठाऊक आहे ते एवढंच की माणसांना गाडीत वेळेवर कसं बसवायचं.

आम्हा सोलापूरकरांना वाटतं, आम्हाला गाडीचं कुणी शिकवू नये. आमचं गावच गाडीच्या वाटेवर. मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या आमच्याकडे थांबतात, दम खातात आणि पुढे जातात. त्यामुळे स्टेशन म्हणजे आम्हाला घराची बाहेरची खोली. घरातून एक माणूस जायचा असला तर सोडायला सात येतात. त्यातले दोघं डब्यात शिरून जागा झटकतात, एक जण पंखा चालतो का बघतो, एक जण खिडकीच्या गजावर हात ठेवून, आता सगळं बोलून झालंय हे विसरून बोलतच राहतो. गाडी हलली की दोन पावलं बरोबर चालायचं. फलाट तिकीट काढलेलं असतंच असं नाही.

ह्यातलाच एक खास प्रकार म्हणजे गाडीवर भेटणं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. तुमचा मावसभाऊ पुण्याहून बंगळुरूला निघाला आहे. मध्ये उतरून तो घरी येणार नाही, पण डबा नंबर आणि सीट नंबर कळवतो. तुम्ही भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याची बरणी घेऊन फलाटावर उभे राहता. गाडी थांबते, तो दारात येतो, पिशवी हातात पडते. बारीक झालास की, काम लई हाय, मामी बऱ्या हायत का, एवढं होतं आणि गाडी सुटते. भेट झाली.

ह्या भेटीचा मोठा गुण असा की तिचा शेवट आधीच ठरलेला असतो. भांडण सुरू व्हायच्या आत गाडी सुटते. एकमेकांच्या घरची पायरी चढायची नाही असं ठरलेली माणसंसुद्धा गाडीवर भेटतात, कारण फलाट रेल्वेचा असतो, तिथे कुणी कुणाचा पाहुणा होत नाही. आमच्या जिल्ह्यातली कितीतरी नाती अशी मिनिटा-दोन मिनिटांच्या थांब्यांवर जगली आहेत.

ही सगळी विद्या घेऊन आम्ही युरोपात उतरतो, आणि तिथे तिचा काडीचा उपयोग होत नाही.

तिकडच्या साध्या गाड्यांना तपासणी नसते, फाटक नसतं. गाडी लागते, दारं उघडतात, माणसं चढतात. फक्त सुटायच्या वेळेच्या जरासं आधी दारं बंद होतात. आपल्याकडे वेळ झाली की गाडी हलते आणि हलल्यावरही चढता येतं, आतले दोघं हात देऊन ओढून घेतात. तिकडे दार मिटलं की मिटलं. चिंचोळी एमआयडीसीतले एक कारखानदार स्वित्झर्लंडमध्ये चहासाठी खाली उतरले, कुर्डुवाडीला उतरतात तसे. परत येऊन बघतात तर दार बंद. ते बाहेरून बटण दाबताहेत, आतून त्यांची बायको काचेवर थापा मारते आहे, आणि गाडी शांतपणे निघून गेली. ते पुढच्या गाडीने मागून आले, कागदी पेला हातात तसाच. बायकोने एकच विचारलं, “माज्यासाठी न्हाय आणला?”

पण खरी गंमत लंडनहून पॅरिसला समुद्राखालून जाणाऱ्या गाडीची. ती म्हणायला गाडी आणि वागायला विमान. एका देशातून निघून दुसऱ्या देशात शिरायचं म्हणजे पासपोर्ट आले, शिक्के आले. समुद्राखाली मध्येच गाडी थांबवून शिक्के कोण मारणार? म्हणून फ्रान्सचे पोलीस लंडनच्या स्टेशनातच खिडक्या उघडून बसलेले असतात. तिथून पुढे गेलात की पाय लंडनात आणि कागदावर तुम्ही फ्रान्सात. त्याआधी बॅगा यंत्रातून जातात, पट्टे निघतात, खिसे रिकामे होतात, कुणाच्या तरी बॅगेतली शेंगाचटणी पडद्यावर दिसते आणि मला हे खातात हो, खातात, असं सांगावं लागतं. आता तर बोटांचे ठसेही घेतात असं माझ्या जागी आलेली मुलगी सांगते.

ह्या सगळ्याला वेळ लागतो म्हणून तास-दीड तास आधी या म्हणतात, आणि गाडी सुटायच्या अर्धा तास आधी बाहेरचं फाटक बंद करतात. आधी गेलात तर तिकीट दाखवल्यावर हिरवा दिवा लागतो. वेळ टळली की तेच तिकीट, तेच फाटक, पण दिवा लाल. गाडी अजून वर फलाटावर उभी असते, तुमची जागा रिकामी असते, तरी तुमच्यापुरती ती गेलेली असते. आणि सोडायला आलेल्या माणसाची हद्द ह्या फाटकाशी संपते. फलाट त्याला दिसतसुद्धा नाही, खिडकीचा गज तर दूरच.

आता धंद्यातलं गुपित सांगते. निवृत्त झाले आहे, कुणी काय करणार? मी टूरवर कधीच खरी वेळ सांगत नसे. फाटक किती वाजता बंद होतं, गाडी किती वाजता सुटते, ह्याची चर्चा मी होऊच देत नसे. मी फक्त सांगायची की अमुक वाजता खाली जमा, आणि ती वेळ गरजेपेक्षा बरीच आधीची, चांगली फुगवलेली असायची. पण सोलापूरचा माणूस बाजारात वाढलेला. सांगितलेल्या भावातून किती कापायचे हे त्याला आईच्या पोटात कळतं. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना समजायचं की बाईंच्या वेळेतला तासभर कापायचा, तेवढं उशिरा गेलं तरी चालतं. ते कापून यायला लागले की मी आणखी फुगवायची. अशी घासाघीस करत कुठल्यातरी मधल्या वेळेला आम्ही स्टेशनवर पोचायचो. माझ्या हातून कुणाचीही गाडी चुकली नाही. एकच अपवाद झाला, आणि आमच्या जिल्ह्यात लोकांना माझी तेवढीच एक गाडी माहीत आहे.

मल्लिनाथअण्णा मूळ अक्कलकोटच्या बाजूचे. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची अडत. घरी कन्नड, दुकानात मराठी, रागात दोन्ही. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात सफारी, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, ह्या माणसाला शब्दावर जकात भरावी लागते. बरोबर त्यांच्या पत्नी शिवलीलाबाई. लंडनच्या राजवाड्यासमोर सगळे फोटो काढत होते, तेव्हा ह्या बाई येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांचे चेहरे न्याहाळत होत्या. मला वाटलं, गर्दीत हरवायला घाबरत असतील. मी त्यांना माझा हात धरून ठेवायला सांगितलं.

खरं कारण मला पुढे कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. त्यांची एकुलती एक मुलगी राजश्री. तिने सोलापुरातल्याच एका तेलुगू विणकर घरातल्या मुलाशी लग्न केलं, आणि दोघं नोकरीसाठी इंग्लंडला गेले. लंडनपासून दोन तासांवरच्या गावात राहायचे. लग्न झालं तेव्हा अण्णांचे थोरले भाऊ शरणप्पा ह्यांनी सगळ्या भावकीला बसवून अण्णांकडून शपथ घेतली होती, की ह्या पोरीच्या घरची पायरी चढायची नाही, तिच्या हातचं पाणी प्यायचं नाही. अण्णांनी ती घेतली आणि पाळली. शिवलीलाबाई नवरा दुकानात गेला की फोनवर बोलायच्या. मग तिकडे नात झाली. नात चालायला लागली, बोलायला लागली. एक दिवस अण्णा घरी येऊन म्हणाले की युरोप बघायचा आहे. कांद्याच्या ऐन हंगामात कुठला अडत्या युरोप बघायला निघतो? पण घरात कुणी काही विचारलं नाही.

लंडनमध्ये त्यांनी मुलीकडे जायचं नाव काढलं नाही, तिला हॉटेलवरही बोलावलं नाही. हॉटेलची खोली म्हणजे शेवटी खोलीच, तिथे बसणं आलं, चहा आला. अण्णांनी त्यातून वाट काढली ती आपली नेहमीची. मुलीने गाडीवर भेटायला यावं. फलाटावर, डब्यापाशी. ती पिशवी देईल, नात बघून होईल, गाडी सुटेल. शपथेला कुठे धक्का नाही.

आणि वेळ? माझ्या वेळा फुगवलेल्या असतात हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी सोबतच्या एका मास्तरांकडून तिकिटावरची वेळ वाचून घेतली, आणि मग बायकोला फोन करू दिला. गाडी सुटायच्या आधी वीस मिनिटं ये, डबा अमुक, सीट तमुक, पोरीला घेऊन ये. जावयाचं नाव काढलं नाही. अर्धा तास आधी फाटक बंद होतं हे तिकिटावर बारीक अक्षरात होतं, पण मास्तरांना विचारलं होतं तेवढंच त्यांनी वाचलं. राजश्रीने त्या गाडीने कधी प्रवास केला नव्हता. आणि इतक्या वर्षांनी बापाने पहिल्यांदा काही सांगितलं होतं. त्यात बदल सुचवायची तिची छाती झाली नाही.

त्या दुपारी आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा हातात भरपूर वेळ होता. मी खुशीत होते. एकेकाचं तिकीट फाटकाला दाखवत मी माणसं आत सोडत होते. अडतीस गेली. राहिले हे दोघं. ते बाजूला बॅगांपाशी उभे होते, जणू काही त्यांची गाडी वेगळी आहे.

मी हाक मारली. अण्णा म्हणाले, “तुमी व्हा म्होरं. आमी फलाटावर येतो.”

मी म्हटलं, फलाट आतच आहे, इथूनच जायचं. ते म्हणाले, “मग भेटायला येणारी मानसं कुटनं येत्यात?”

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, येत नाहीत. आत फक्त तिकीटवाला जातो. नियम फार कडक आहेत इथले. माझा त्या नियमांशी काही संबंध नसताना मला नेहमी त्यांचा अभिमान वाटत आला आहे.

शिवलीलाबाई बॅगेवर खाली बसल्या. मग त्यांनी एका दमात, अर्धं मराठीत अर्धं कन्नडमध्ये, सगळं सांगितलं. कन्नड मला मोडकंतोडकं कळतं, पण त्यातलं काही कळायचं राहिलं नाही. अण्णा दुसरीकडे बघत होते.

मी त्यांच्या फोनवरून राजश्रीला फोन लावला. ती गाडीत होती, लंडनला पोचायला अजून अर्धा तास होता. आमचं फाटक त्याच्या आत बंद होणार होतं. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. पलीकडे एक लहान मुलगी इंग्रजीत काहीतरी विचारत होती. मग राजश्री म्हणाली, “मावशी, त्यांना आत घेऊन जा. गाडी चुकू देऊ नका. नाहीतर अप्पा म्हणतील, हिच्यापायी चुकली.” अप्पा म्हणजे कन्नडमध्ये वडील.

आता मी काय करणार? आत अडतीस माणसं माझ्या नावाने ओरडत होती. त्या दिवसाच्या पुढच्या सगळ्या गाड्या भरलेल्या होत्या, हॉटेल सोडलेलं होतं. मी माझं काम केलं. अण्णांना समोर उभं करून मी सगळं समजावलं, की आता आत आला नाहीत तर गाडी गेली, जागा मिळालीच तर उद्या सकाळच्या गाडीत, तोवर राहायचं कुठे ते तुमचं तुम्ही बघा. ते ऐकत होते. फाटकावरच्या बाईने मनगटावर बोट आपटून मला वेळ दाखवली.

अण्णांनी हातातली पिशवी बायकोकडे दिली. “जरा जाऊन येतो,” म्हणाले, आणि निघाले.

म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी लागायचीच, हा बावीस वर्षांचा अनुभव. पण ते चुकीच्या दिशेला गेले म्हणून मी वाट दाखवायला मागे धावले. कोपऱ्यावर एक पुस्तकांचं दुकान होतं, त्याच्या पलीकडे बाकडं. अण्णा त्या बाकड्यावर ताठ बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या मोठ्या घड्याळावर. यार्डात लिलावाची बोली संपायची वाट बघत बसतात तसे. त्यांना कुठेही जायचं नव्हतं. तो माणूस गाडी चुकवायला बसला होता.

मुलीसाठी मी थांबतो, असं त्यांना म्हणता येत नव्हतं. म्हटलं असतं तर शपथ मोडली असती. पण गाडीच चुकली, तर त्याला कोण काय करणार?

त्यांनी मला पाहिलं. मीही पाहिलं. मग ते परत घड्याळाकडे बघू लागले.

खरं सांगते, मला राग आला. दंडाला धरून उठवावं असं वाटलं. मी असं उठवून नेलेली माणसं थोडीथोडकी नाहीत, त्यात एक निवृत्त न्यायाधीशही आहेत. माझी एकही गाडी चुकलेली नाही, हे मी लग्नकार्यात न विचारता सांगत असे. आणि हा माणूस शांतपणे, बसल्या बसल्या, माझ्या नावाला काळं फासणार होता. मी तिथे उभी राहिले. मग हाक न मारताच वळले.

मी परत आले. शिवलीलाबाईंच्या हातात दोघांचे पासपोर्ट दिले आणि म्हटलं, तुम्ही इथेच बसा, अण्णा येतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मी एकटी आत गेले. माझ्यामागे फाटकावरच्या बाईने वाट अडवायचा पट्टा ओढला.

मग अण्णा आले. आता ते पळत होते, हात वर करून, “अवो बाई, थांबा की,” म्हणत होते. बंद फाटकापाशी येऊन ते धापा टाकत उभे राहिले, आणि तपासणीच्या रांगेतल्या आमच्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “टाइम नीट सांगायला नको व्हय तुमी? आता आमी कुटं जायचं?”

मी म्हटलं, उद्याच्या तिकिटाचं मी बघते. एवढंच म्हटलं, आणि पट्टा काढायच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या स्टेशनवर मी दोघांना घ्यायला गेले, तेव्हा झालं ते शिवलीलाबाईंनी टॅक्सीत सांगितलं. राजश्री धावत आली, कडेवर पोर, हातात पिशवी. बापलेक समोरासमोर उभे. अण्णा म्हणाले, “गाडी गेली.” मुलगी रडायला लागली, म्हणाली, माझ्यामुळेच. ते म्हणाले, तुझ्यामुळे न्हाय, त्या टूरवाल्या बाईमुळं. मग परदेश हाय, रातचं कुटं जानार, दुसरा इलाजच न्हाय, असं आपणच दोन-तीनदा म्हणत ते मुलीच्या घरी गेले. गाडीवर द्यायला केलेला डबा तिच्याच घरात उघडला. जावई ‘या’ म्हणाला आणि मोठ्या शहाणपणाने स्वयंपाकघरात निघून गेला. सकाळी नात उठली तर आजोबा आधीच तिच्या पलंगाशी बसलेले होते. ती त्यांच्याशी एक शब्द मराठीत, दुसरा इंग्रजीत बोलायची, आणि ते तिला कन्नडमध्ये उत्तर द्यायचे. बाई म्हणाल्या, इतकं बोललेलं त्यांना मी लग्नानंतर बघितलं न्हवतं.

टॅक्सीत अण्णा पुढे बसले होते. मागे वळले नाहीत.

बसमध्ये मात्र त्यांनी माझी तक्रार यथासांग केली. लोकांनी माना हलवल्या. त्या मास्तरांनी मला वेळेचं महत्त्व ह्या विषयावर स्वित्झर्लंड येईपर्यंत ऐकवलं. सोलापूरला परत आलो तोवर आमच्या मालकांच्या कानावर सगळं गेलं होतं. त्यांनी विचारलं, वेळ तुम्ही सांगितली होती का? मी म्हटलं, वेळ नेहमी मीच सांगते. त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात युरोप दुसऱ्याला दिला आणि मला रामेश्वर-कन्याकुमारीच्या बसवर टाकलं. तिथे बसमध्ये मी डोकी मोजत असे आणि मनातल्या मनात अण्णांना शिव्या घालत असे. एक फोन? दोन शब्द? माणसाने एवढंही करू नये? मार्केट यार्डावरून जाताना मी त्यांच्या दुकानाकडे बघतही नसे.

पुढे शिवलीलाबाईंचाच फोन आला. राजश्री लग्नानंतर पहिल्यांदा येत होती. गावाकडच्या घरी पूजा आणि जेवण होतं. “ताई, तुमी यायलाच पायजे,” म्हणाल्या. जेवणाला बोलावताना कुणी इतकं कळवळून बोलत नाही. मी जायचं नाही असं ठरवलं, आणि गेले.

अंगणात मांडव होता. गव्हाच्या हुग्गीचा, म्हणजे खिरीचा, वास येत होता. सोप्यात बाजेवर शरणप्पा बसले होते, भोवती भावकीतले आठ-दहा पुरुष. अण्णा एका खांबापाशी. राजश्री मात्र बाहेर मांडवात, पायरीच्या खाली उभी होती, मुलीचं बोट धरून. तिचा नवरा तिच्याही मागे, गाडीला टेकून. ती सकाळपासून तिथेच होती असं कळलं. तिला जा कुणी म्हटलं नव्हतं, आणि ये असंही म्हटलं नव्हतं. बायका दारातून तिच्याकडे बघत होत्या आणि आत जात होत्या.

शरणप्पांनी मला बोलावून समोर बसवलं. म्हणाले, “त्या टूरच्या बाई तुमीच न्हवं? माजा भाऊ म्हनतो, तुमी टाइम चुकीचा सांगितला, म्हनून त्येला तिच्या घरला जावं लागलं.”

मी अण्णांकडे पाहिलं.

“मी इचारतो ते येवढ्यासाटी,” ते म्हणाले, “की मल्लिनाथ चाळीस वर्सं यार्डात हाय. आजवर त्येची एक गाडी चुकल्याली मला म्हाईत न्हाय. तवा तुमीच सांगा. खरं काय हाय?”

अण्णा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. ह्या माणसाने मला एक फोन केला नव्हता, आणि आता एवढ्या लोकांत माझ्याकडे बघायचीही त्याची हिंमत नव्हती. मला वाटलं, सांगून टाकावं. बाकडं, घड्याळ, गुडघ्यांवरचे हात, सगळं. माझी बावीस वर्षं मला परत मिळाली असती. मी मांडवाकडे पाहिलं. राजश्री माझ्याकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती.

खोट्या वेळा तर मी जन्मभर सांगत आले होते.

“खरं आहे,” मी म्हणाले. “वेळ मीच चुकीची सांगितली. अण्णा पळत आले, पण तोवर फाटक बंद झालं होतं. चूक माझी.”

शरणप्पांनी एकदा माझ्याकडे, एकदा भावाकडे पाहिलं. ते अडाणी नव्हते, आंधळेही नव्हते. काय समजायचं ते समजले असतील. मग त्यांनी मांडवाकडे मान वळवली.

“राजी,” त्यांनी हाक मारली, “नीर ता.”

पाणी आण. आणि पाणी आणायचं तर घरात जावं लागतं. राजश्रीने मुलीचं बोट सोडलं, ती पायरी चढली, सोप्यातून, सगळ्या भावकीच्या समोरून आत गेली. आत कळशीवर तांब्या वाजला. अण्णांनी उपरणं तोंडावर घेतलं. ती तांब्या घेऊन बाहेर आली आणि काकांच्या समोर वाकली. शरणप्पांनी तांब्या घेतला, वरून पाणी प्याले, मिशा पुसल्या आणि तांब्या भावाच्या हातात दिला.

मग ते माझ्याकडे वळले. “पुन्यांदा टाइम नीट सांगत जावा, बाई. लोकं तुमच्या इस्वासावर येत्यात.”

“सांगेन,” मी म्हणाले.